राजकारणातील इंग्रजी शब्द : अर्थ कोण ठरवतो?

(चिंचपोकळी येथे गावकरी मंडळींच्या सभेत दिलेले भाषण)



आम्ही खेड्यातल्या मराठी शाळेचे मास्तर. आमचे सारे शिक्षण मराठीतून झाले, तेव्हा इंग्रजीचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु राजकारणात जे इंग्रजी शब्द रोज आपल्या कानांवर आदळतात त्यांचा अर्थ कोणी तरी फोडून सांगावा, अशी आपल्या मंडळींनी आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून चार शब्द बोलतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजी शब्दांची भीती बाळगण्याचे आपल्याला काही कारण नाही. साहेबाला 'चिंचपोकळी' म्हणता येईना, म्हणून त्याने आपल्या नकाशावर 'चिंचपुगली' लिहिले. आपल्या वाडवडिलांना 'स्ट्राईक' म्हणता येईना, त्यांनी 'इष्ट्राईक' केले. फिट्टंफाट झाली! युनियन, मीटिंग, कमिटी, नोटीस, बोनस, लीडर, मेंबर हे शब्द शाळेत न जाता गिरणीच्या दरवाजातून आपल्या घरात आले. जी माउली खाणावळ चालवून वीस माणसांना जेवू घालीत होती, तिलाही 'लॉकआऊट' म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. कारण त्या महिन्यात खाणावळीचे पैसे येत नसत.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, शब्द तोंडात बसतो, पण त्याचा कायद्यातला अर्थ दुसऱ्याच्या पेटीत कुलूपबंद राहतो. सुतार पटाशीची धार अंगठ्यावर पाहिल्याशिवाय ती लाकडाला लावीत नाही. आपण मात्र शब्दाची धार न पाहता कागदाला अंगठा लावतो. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

आधी निवडणुकीचे शब्द घेऊ. 'वोट' हा मुळात लॅटिन भाषेतला शब्द. त्याचा अर्थ नवस किंवा संकल्प. आपण त्याला मत म्हणतो. मूळ अर्थ धरला तर नवस बोलणारा आणि फेडणारा कोण, हे आपणच आपल्याला विचारावे. 'पोल' म्हणजे डोके. पोलिंग म्हणजे डोकी मोजणे. या मोजणीत सावकाराचे डोके आणि सालगड्याचे डोके सारखेच भरते. 'बॅलट' म्हणजे लहानशी गोळी. पूर्वी परदेशात कागदाऐवजी गोळ्या टाकून मत देत. 'कँडिडेट' म्हणजे पांढऱ्या वस्त्राचा माणूस. जुन्या रोम शहरात अधिकाराची जागा मागणारे लोक खडूने पांढरे केलेले वस्त्र पांघरून फिरत. दोन हजार वर्षे लोटली, तरी हा पोशाख काही बदललेला दिसत नाही. 'मिनिस्टर' म्हणजे चाकर. हा अर्थ मंत्र्यांच्या बंगल्यावर पाटी करून लावण्यासारखा आहे. 'बजेट' म्हणजे चामड्याची लहान पिशवी, आपल्याकडची चंची म्हणा. सरकारी चंचीत पैसा कोठून आला आणि कोणासाठी सुटला, हे ओळखावयाला फार विद्या लागत नाही. महिन्याच्या अखेरीस जी घरधनीण चूल पेटती ठेवते, तिला बजेट कळते.

'फ्रँचाइज' हा शब्द आता वडापावच्या दुकानावर नि क्रिकेटच्या संघाला लागलेला दिसतो. राजकारणात त्याचा अर्थ मताधिकार. 1920 साली मुंबई कौन्सिलची नवी निवडणूक झाली, तेव्हा मालमत्ता, सरकारी सारा, कर यांच्या हिशेबाने मत मिळे. ज्याच्या नावावर जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याला मत नव्हते. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळून सार्वत्रिक निवडणूक झाली ती 1951-52 साली. पुढे 1989 पासून वयाची अट अठरावर आली. जो हक्क पूर्वी सातबाऱ्याच्या जोरावर मिळे, तो आता जन्माच्या दाखल्यावर मिळतो, हे लहानसहान नव्हे.

याच प्रकरणी आणखी दोन शब्द. 'डिपॉझिट जप्त' म्हणजे उमेदवाराला झालेल्या वैध मतांच्या एक-षष्ठांशही मते न मिळाल्यामुळे त्याची अनामत सरकारजमा होणे. आणि 'नोटा'. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 सालच्या निकालामुळे 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण मतयंत्रावर आले. पुष्कळांची समजूत अशी की, नोटाला सर्वांत जास्त मते पडली म्हणजे निवडणूक रद्द होते. लोकसभेला आणि विधानसभेला तसे होत नाही. उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो. बटण दाबावयाचे तर हे जाणून दाबावे.

आता आपल्या या गिरणगावाकडे वळू. येथे शब्दांनी जे राज्य केले त्याची हकीकत मोठी आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपणांस ठाऊक आहेच. जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. 1884 साली त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक 'मेमोरियल' फॅक्टरी कमिशनकडे धाडले. आज आपण मेमोरियल म्हणजे स्मारक समजतो. त्या काळी या शब्दाचा अर्थ वरिष्ठांकडे केलेला लेखी अर्ज असाही होता. त्या अर्जात काय मागितले? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात हातपाय सापडल्यास भरपाई. शब्द साहेबाचा, पण आत भरलेला मजकूर आपला. म्हणूनच तो अर्ज टिकला. सहा वर्षे मागे लागल्यावर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी सभा भरवतो, त्या रविवारामागे साडेपाच हजार सह्या उभ्या आहेत.

'स्ट्राईक' शब्दाची कथाही ऐकण्यासारखी आहे. 1768 साली इंग्लंडात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवणे याला त्यांच्या भाषेत स्ट्राईक म्हणत. शीड उतरले, जहाज थांबले, आणि शब्द जन्माला आला. आपला शब्द 'संप'. शेजारच्या गुजराती माणसाला विचारा, संप म्हणजे काय? तो सांगेल, ऐक्य, सलोखा. म्हणजे इंग्रजी शब्द काम थांबलेले पाहतो, आणि आपला शब्द माणसे एक झालेली पाहतो. आमच्या मते आपला शब्द अधिक खोल आहे. एकी नसेल तर नुसते काम थांबवून हाती काही लागत नाही.

आणि 'बॉयकॉट'? हा शब्द तर शेतकऱ्यांनी इंग्रजीला दिला आहे! 1880 साली आयर्लंड देशात बॉयकॉट नावाचा एक कप्तान जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी खंड कमी करण्याची मागणी केली, त्याने ऐकले नाही. तेव्हा कुळांनी ठरवले की, याच्या शेतात कापणीला कोणी जावयाचे नाही, याला दुकानात माल द्यावयाचा नाही, याच्याशी बोलावयाचे नाही. त्या कप्तानाचे नावच मग त्या हत्याराचे नाव झाले. आपल्याकडे हे हत्यार फार जुने आहे. आपण त्याला वाळीत टाकणे म्हणतो. फरक एवढाच की, आयर्लंडात ते दुबळ्यांनी बळजोरावर उगारले आणि आपल्याकडे बळजोरांनी दुबळ्यांवर. हा अर्थ ओळखूनच डॉ. आंबेडकरांनी 1927 साली आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो 2016 साली. भावकीने आणि जातपंचायतीने माणसाला वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे, हे आपापल्या गावी जाऊन सांगावे.

येथवरचे शब्द सरळ होते. आता जे सांगतो ते गोड दिसणारे शब्द आहेत.

1928 साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीतले कामगार होते. संपाच्या मुळाशी एक शब्द होता, 'रॅशनलायझेशन'. 'रॅशनल' म्हणजे विवेकी, तर्काला धरून असलेले. कोण म्हणेल विवेक नको? परंतु खात्यात त्या विवेकाचे रूप असे की, दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन माग चालवावेत, साच्यावरच्या माणसाने एका बाजूच्या ठिकाणी दोन बाजू सांभाळाव्यात, आणि जी माणसे उरतील त्यांनी गावची वाट धरावी. कागदावर विवेक, कामगाराच्या पाठीवर दुप्पट ओझे! कामगारांना तो शब्द उच्चारता येत नव्हता, पण त्याचा अर्थ त्यांनी मागावर उभे राहून वाचला होता. आजही कोणी 'रिफॉर्म', 'रॅशनल', 'एफिशियन्सी' असा शब्द घेऊन आला तर त्याला एकच विचारावे, 'माणसे किती कमी होणार, आणि कोणाची?'

दुसरा शब्द 'रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे प्रतिनिधी. गावात आपण प्रतिनिधी कोणाला म्हणतो? ज्याला आपण निवडून पाठवतो त्याला. परंतु 1946 सालच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात 'रिप्रेझेंटेटिव्ह युनियन' या शब्दाचा अर्थ निराळा होता. ठरावीक हिश्श्याचे वर्गणीदार सभासद दाखवून ज्या युनियनची तशी नोंद झाली, तीच त्या साऱ्या धंद्यातल्या कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणार. त्यासाठी कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. मुंबईच्या कापड धंद्यात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ ही मागणी तर होतीच, परंतु आमच्या वतीने बोलणारा आम्हीच निवडू, हीही मागणी होती. अडीच लाख माणसे रस्त्यावर उभी, आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांचा प्रतिनिधी दुसराच! त्या संपाची चूकभूल विद्वानांनी अवश्य काढावी. आम्ही केवळ शब्दाकडे बोट दाखवतो. प्रतिनिधी या शब्दात निवडीचा अर्थ आहे असे कामगार समजून चालला होता, आणि कायद्यात तो अर्थ नव्हता. त्या संपानंतर हजारो घरे गावी परतली. आपणांपैकी कित्येकांच्या घरी त्याचे व्रण अजून आहेत.

तिसरा शब्द 'सिक मिल', आजारी गिरणी. माणूस आजारी पडला तर वैद्य नाडी पाहतो. 1985 सालच्या कायद्याप्रमाणे कंपनीचा साचलेला तोटा तिच्या निव्वळ मालमत्तेइतका किंवा त्याहून जास्त झाला म्हणजे ती आजारी ठरत असे. शब्द मोठा दयेचा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आता औषधपाणी होईल. परंतु आजारी गिरणीच्या पायाखालची जमीन मात्र ठणठणीत होती, आणि दिवसेंदिवस तिचे मोल वाढत होते!

त्या जमिनीवरून चौथा शब्द आला, आणि तो सर्वांत महाग पडला. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. 1991 साली विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम झाला. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत : एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. 2001 साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी 'ओपन लँड'पुरती उरली. ओपन लँड म्हणजे मोकळी जमीन. तिसरीतल्या पोरालाही कळेल. परंतु कोणती मोकळी? गिरणीच्या इमारती पाडल्यावर जी मोकळी होते तीही धरावयाची, की आधीपासूनच जी रिकामी पडली आहे तेवढीच? सारा तंटा या एका अर्थावर उभा राहिला. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पहिला अर्थ धरला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि आधीपासून रिकामी असेल तेवढीच मोकळी, हा दुसरा अर्थ कायम झाला. गिरण्या तर इमारतींनी भरलेल्या. त्यामुळे मैदानांचा वाटा आणि घरांचा वाटा पुष्कळ घटला. पुढे 2012 साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली, तीत 6,925 घरे होती. घरासाठी अर्ज करणारे मात्र लाखाच्या वर. एका शब्दाचा अर्थ बोटभर सरकला, आणि किती संसारांचा उंबरठा त्याबरोबर सरकला ते पाहा. हा नियम बदलला तेव्हा त्याचा अर्थ लालबाग-परळच्या चाळींत येऊन कोणी समजावला? आणि आपणही तो कोणाला विचारला?

यावर कोणी म्हणेल, मास्तर, हा इंग्रजीचा दोष आहे. सारे मराठीत आणा म्हणजे झाले. मराठी आणावी हे आम्हांला शंभर वेळा मान्य आहे. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा 1964 साली झाला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु सरकारी मराठी वाचून पाहा! कायद्याचा 'अधिनियम' झाला, टेंडराची 'निविदा' झाली, कोरमची 'गणपूर्ती' झाली. कुणब्याच्या डोक्यावरचे इंग्रजीचे गाठोडे उतरवून त्या जागी संस्कृतचे गाठोडे ठेवले. मान अवघडली ती अवघडलेलीच. गावच्या सुताराला, शिंप्याला, मजुरी करणाऱ्या बाईला समजेल तो शब्द खरा मराठी, मग त्याचे मूळ फारशीत असो की इंग्रजीत. 'उमेदवार' मुळात फारशी आहे, त्यात उमेद आहे, आणि तो आपल्या हाडीमाशी भिनला आहे. शब्दाची जात कोणती हे आम्ही पाहत नाही. तो काम काय करतो ते पाहतो.

या 'गणपूर्ती'चेच पाहा. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100, यांत जी संख्या कमी, तेवढी माणसे हजर लागतात. तितकी नसली तर सभा तहकूब होते. आता यातली गोम ऐका. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तेवढ्या माणसांची गरज राहत नाही. म्हणजे शंभर माणसे घरी बसली तर दहा माणसे तेच विषय मंजूर करून मोकळी होतात! 'तहकूब' ऐकून आपण म्हणतो, बरे झाले, काम राहिले. काम राहात नाही. ते आपल्यावाचून होते. तुम्ही येथे मुंबईत असता, तुमच्या घरच्या माणसांची नावे गावच्या यादीत असतात. त्यांना हे कळवावे.

आणि या चाळींचे काय? आज येथे जिकडेतिकडे नव्या इमारती बांधण्याची बोलणी चालू आहेत. त्यात 'कन्सेंट' नावाचा कागद फिरतो. कन्सेंट म्हणजे संमती, आणि संमती म्हणजे समजून दिलेला होकार. शेजाऱ्याने सही केली म्हणून केलेली सही कागदावर संमतीच ठरते, पण आपल्या मनात ती नसते. 'कार्पेट एरिया' म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. 'बिल्टअप' म्हणजे भिंतीही धरून मोजलेली जागा. दोन्ही शब्दांना आपण 'खोली केवढी' असेच म्हणतो. उद्या खाट भिंतीला अडली म्हणजे फरक कळतो.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही अशक्य असे काही सांगत नाही. आपल्या मंडळाच्या खोलीत एक जाड वही ठेवावी. ज्या कागदावर सही करावयाची, जी नोटीस भिंतीवर लागली, त्यातला अडलेला शब्द तीत लिहावा. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली आहेत, त्यांनी त्याचा बोलीतला अर्थ आणि कायद्यातला अर्थ असे दोन्ही शोधून समोर लिहावेत, आणि दर महिन्याच्या सभेत ते मोठ्याने वाचावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता तर येते. पुढारी, वकील, बिल्डर किंवा अधिकारी आला की त्याला नम्रपणे विचारावे, 'साहेब, या शब्दाचा अर्थ साध्या मराठीत लिहून त्याखाली सही कराल काय?' जो लिहून देईल तो आपला. जो हसेल, त्याच्या कागदावर घाईने सही करू नये. सरकारी कागद पाहावयाचा असेल तर 2005 सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तो मागता येतो. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये फी, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे.

आणखी एक विनंती मायबहिणींना. सभेत पुढे बसा आणि तुम्हीच आधी विचारा. 1890 साली लोखंड्यांनी महालक्ष्मीला भरवलेल्या गिरणी कामगारांच्या मोठ्या सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली होती. तेव्हा त्यांना ना मत होते, ना शाळा. तुम्हांला दोन्ही आहे.

जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून आग्रह धरला. ते शिक्षण आपल्या घरात आता पोचले आहे. मुलगा इंग्रजी पाटी घडाघडा वाचतो. आता पाटीखालच्या बारीक अक्षरांचा अर्थ त्याने घरच्यांना समजावून सांगावा, एवढेच उरले आहे. ज्या दिवशी चिंचपोकळीतली एखादी म्हातारी सहीचा कागद परत सरकवून म्हणेल, 'आधी या शब्दाचा अर्थ सांगा, मग पेन द्या,' त्या दिवशी ती वही ठेवल्याचे चीज झाले असे आम्ही समजू.